कपाटाची पूजा

आमच्या शाळेतलं विज्ञानाचं कपाट वर्षातून एकदा उघडायचं, खंडेनवमीला, आणि तेही हळदी-कुंकू लावायला. बाकी वर्षभर त्याला हे एवढं कुलूप आणि किल्ली हेडसरांच्या कोटाच्या आतल्या खिशात. हे मी माझ्या नातवाला सांगते तेव्हा तो मोबाइलमधून मान वर न काढता ‘हं’ म्हणतो. त्याच्या शाळेत कपाटच नाही. भिंतीएवढ्या पडद्यावर कुणीतरी हातमोजे घातलेला माणूस परीक्षानळीत काहीतरी ओततो, ते फसफसतं, रंग बदलतो, पोरं टाळ्या वाजवतात आणि घंटा होते. मी एकदा विचारलं, “वास कसा आला रे त्याला?” तर त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू आजीला आता डॉक्टरकडे न्यावं. मी साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत जन्म काढला, उसाच्या रसाला नाक लावून तो आंबलाय की नाही ते सांगायची, आणि हा मला वेड्यात काढतो. जाऊ दे. त्याच्यावर चिडून उपयोग नाही. चिडायचंच तर मला आमच्या हेडसरांवर चिडायचंय, ते अजून पुरतं चिडून झालेलं नाही.

आमचं गाव निलंग्याहून एसटीनं अर्ध्या तासावर. पुढं दुकान, मागं घर. अप्पा सकाळी शिवपूजा आटोपून, कपाळावर विभूतीचे पट्टे घेऊन गादीवर बसले की तराजूच्या साखळीचा खुळखुळ सुरू व्हायचा, तो दिवे लागेपर्यंत. कुठल्याच डब्यावर नाव नव्हतं. गूळ, हिंग, शेंगदाणे तर सोडाच, पण पापडखार, धुण्याचा सोडा, तुरटी, कल्हईवाल्यासाठी नवसागर, शेतकऱ्यांसाठी मोरचूद, सगळं बिननावाचं. गिऱ्हाइकानं मागितलं की अप्पांचा हात बरोबर त्या डब्यावर जायचा. शंका आलीच तर चिमूटभर जिभेवर ठेवायचे, थुंकायचे आणि पुडी बांधायचे. अव्वा म्हणजे माझी आई. तिचं माहेर सीमेपलीकडचं, कानडी मुलखातलं, म्हणून आम्ही तिला अव्वा म्हणायचो. ती आतून ओरडायची, “एक दिवस जीब गळून पडंल तुमची.” पडली नाही. अप्पा नव्वदीपर्यंत जगले आणि शेवटपर्यंत मला भाव सांगत होते.

ते वर्ष दुष्काळाचं होतं आणि नव्या जिल्ह्याचंही. लातूर जिल्हा झाला, आता कामासाठी उस्मानाबादला हेलपाटे नकोत, म्हणून गावात पेढे वाटले, आणि ज्यांनी वाटले त्यांच्याच घरी त्या दिवशी प्यायला पाणी नव्हतं. शाळेच्या, सोसायटीच्या, अगदी आमच्या दुकानाच्या पाटीवरचंही ‘जि. उस्मानाबाद’ खोडून ‘जि. लातूर’ करायला पेंटर आला. त्याला रंगात मिसळायला पाणी हवं होतं, अव्वानं दिलं नाही. “राकेलात कालव,” म्हणाली. आमच्या घरात पाण्याची पायरी ठरलेली होती: तांदूळ धुतलेलं पाणी आमटीला, भांडी विसळलेलं म्हशीला, आणि अंग धुतलेलं, धुतलंच तर, दारातल्या बेलाला. भाजी बाजारात दिसेनाशी झाली होती. रोज भाकरी, जवसाची चटणी आणि येसराची आमटी. येसर म्हणजे भाजलेल्या धान्याचं नि मसाल्याचं पीठ, उकळत्या पाण्यात टाकलं की झालं. अव्वानं ते डबाभर करून ठेवलेलं असायचं. आजही कुणी मोठ्या कौतुकानं मला मराठवाडी येसर वाढलं तर मी वाटी पलीकडे सरकवते. टँकरचा भोंगा वाजला की शाळा बसल्या जागी सुटायची. बीजगणित फळ्यावर अर्धं राहायचं आणि आम्ही मुली घागरी घेऊन वेशीकडे.

अशा गावात त्या जूनमध्ये नांदेडच्या बाई आल्या. नाव सुलभाबाई, पण गावानं त्यांना ‘नांदेडच्या बाई’च केलं. बारीक अंगकाठी, डोक्यावर काळी छत्री, बोलणं भराभर, आणि दर दोन वाक्यांमागं एक सुस्कारा. विज्ञान शिकवायला आल्या होत्या. पहिल्याच तासाला त्यांनी विचारलं, ऑक्सिजनविषयी कोण सांगेल. मी वर्गात पहिली यायची. उभी राहिले आणि रंगहीन, गंधहीन, चवहीन, हवेपेक्षा किंचित जड, ज्वलनास मदत करतो, हे श्वास न घेता म्हणून दाखवलं. बाई म्हणाल्या, “छान. कधी तयार केलास का?” मला प्रश्नच कळला नाही. मी म्हणाले, “बाई, तो पुस्तकात तयार केलेला आहे. आकृती पाठ आहे मला, काढू का?” बाईंनी दोन्ही हातांनी कपाळ धरलं. मला त्यांचा राग आला. उत्तर बरोबर देऊनही कपाळ धरणारी बाई मी पहिल्यांदाच पाहत होते.

त्या दिवसापासून त्या हेडसरांकडे किल्ली मागत होत्या. हेडसर माणूस वाईट नव्हते, हे मला लिहिणं भाग आहे, पण लिहिताना दात आवळले जातात. संस्थेनं फार वर्षांपूर्वी निजामाबादहून की कुठून तरी ते साहित्य आणलं होतं आणि हेडसरांनी ते पोटच्या पोरासारखं सांभाळलं होतं, म्हणजे कधी घराबाहेर न पाठवता. “बाई, काच हाय ती,” ते म्हणायचे. “पोरं हात लावली की फुटंल. फुटली की कोण भरून देनार? तुमी फळ्यावर काढून दावा की. मोठी काढा, मागच्या बाकावर दिसंल अशी.” बाई म्हणायच्या, “सर, पोहणं फळ्यावर शिकवता येतं का?” त्यावर हेडसर शांतपणे म्हणायचे, “आता पाणीच न्हाई तर पवायचं कशाला?” आणि आमचे बाकीचे मास्तर हसायचे.

मग ऑगस्टात एक बातमी आली आणि ते कपाट माझ्यासाठी जीवनमरणाचं झालं. मी त्या वर्षी दहावीत, आणि दहावीला विज्ञानाची प्रात्यक्षिक परीक्षा होती आणि आमच्या शाळेचं केंद्र लातूरला होतं, तिथं मुक्काम करावा लागायचा. आमच्या आधीच्या वर्षांच्या मुली त्या दिवशी सरळ गैरहजर राहायच्या, लेखीवर कशाबशा निघायच्या आणि पुढं विज्ञानाचं नाव काढायच्या नाहीत. बाईंनी मला स्पष्ट सांगितलं, “प्रात्यक्षिकाचे गुण नसतील तर पुढं विज्ञानाला कुणी दारात उभं करणार नाही.” मी घरी विषय काढला. अप्पा पुडी बांधत होते. दोरा दातानं तोडत म्हणाले, “हितं गावात परीक्षा असंल तर दे. लातूरला मुक्कामी जायचं न्हाई. पोरीच्या जातीला कुठं ठिवू मी तितं? धर्मशाळेत?” मी रडले, ओरडले, जेवले नाही. अव्वानं ताट झाकून ठेवलं, आणि सकाळी तेच येसर गरम करून पुढ्यात आलं.

आणि ऑगस्टातली बातमी ती हीच: नवा जिल्हा झाल्यामुळे नवी केंद्रं द्यायची होती. लातूरहून साहेब येणार, प्रयोगशाळा चालू आहे का बघणार, असली तर केंद्र गावात. हेडसर एकदम जागे झाले. “जिल्हा लांब होता तोवर बरं होतं,” ते बाईंना म्हणाले, “आता साहेब केव्हाबी यील.” तरी किल्ली दिली नाही. “खंडेनवमी हाऊ द्या. पूजा झाली की बगू.” म्हणजे माझं पुढचं सगळं आयुष्य त्या कुलपात, आणि कुलूप मुहूर्तासाठी थांबलेलं.

खंडेनवमीला आम्ही सगळे ऑफिसात जमलो. हेडसर धोतर नेसून आले. कपाट उघडलं तसा कापूर, जुनी फुलं आणि कसलातरी तिखट दर्प एकदम बाहेर आला. आत बाटल्यांच्या ओळी, चंचुपात्रं, एक तराजू. हेडसरांनी एकेक बाटली खाली घेतली, ओल्या फडक्यानं पुसली, तिच्या पोटावर हळदीची बोटं ओढली, कुंकू लावलं, वर झेंडूचं फूल. त्या दुष्काळात झेंडू कुठून आणला देव जाणे. बाई पुढं झाल्या आणि एक बाटली हातात घेऊन फिरवली. मग दुसरी. मग तिसरी. त्यांचा चेहरा बघून मीही वाकले. एकाही बाटलीवर नाव नव्हतं. म्हणजे कागद होते, पण इतक्या वर्षांची हळद, कुंकू, गंध आणि ओलं फडकं त्यावरून फिरून फिरून त्यांचे पिवळे-लाल चिकट ठिपके झाले होते. एकावर एक अर्धा इंग्रजी ‘एस’ तेवढा उरला होता. बहुतेकांत पांढऱ्या पावडरी, एक निळी, एक पिवळी, आणि खाली काचेच्या बुचाच्या दोन बाटल्या, ज्यांना हात लावायचा नाही एवढं सगळ्यांना माहीत होतं, कारण पूर्वी एकदा त्यातल्या थेंबानं हेडसरांचं धोतर जळालं होतं.

“सर,” बाई म्हणाल्या, “कशात काय आहे?”

“त्यात काय? यादी हाय की,” हेडसर म्हणाले. “यादीत नावं हायत, बाटल्या बी तेवढ्याच हायत. आपन बसून चिकटवू एकेक. पांढरं ते पांढरं. साहेब काय चाखून बगनार हाय?”

आता खरं सांगते, मला ते पटलं. पटलंच! साहेब येणार, ओळीनं लावलेल्या नावाच्या बाटल्या बघणार, केंद्र देणार, मी परीक्षा गावात देणार. नवसागराच्या बाटलीवर सोरा लिहिलं तर कुणाचं काय बिघडत होतं? पण बाईंना ते ऐकून जणू कुणी शिवी दिली. त्या म्हणाल्या, “मुलं शोधून काढतील. दिवाळीपर्यंत. काही फुटलं तर माझ्या अंगावर.” हेडसरांनी किल्ली खिशातून काढून टेबलावर ठेवली आणि झेंडूचं फूल वाहिलं त्या किल्लीवर.

त्यानंतरचे आठवडे म्हणजे बाईंनी आमचा छळ मांडला होता, दुसरा शब्द मला सुचत नाही. त्या काही सांगायच्याच नाहीत. मी विचारायची, “बाई, हे काय आहे?” त्या म्हणायच्या, “मला काय माहीत? तूच विचार त्याला.” बाटलीला कसं विचारायचं? तर असं: चिमूटभर पाण्यात टाक, विरघळतं का बघ. लिंबू पिळ, फसफसतं का बघ. हळदीच्या कागदावर ठेव, लाल होतो का बघ. निखाऱ्यावर टाक, तडतडतं की भडकतं की नुसतं वितळतं बघ. प्रत्येकाला एक बाटली नेमून दिली. नियम एकच, जिभेला लावायचं नाही. शेजारच्या बाकावरची हमीदा, जिचे अब्बा कल्हई करायचे, म्हणाली, “बाई, हिच्या अप्पाला बोलवा की. ते चाटून दोन मिन्टात सांगतेत सगळं.” बाई किंचाळल्या, “अजिबात नाही! त्यातल्या एखाद्यानं माणूस मरतो!” मी हे घरी सांगितलं तर अप्पांना फार लागलं. “इतकी वर्षं दुकान करून राहिलो, मेलो का मी?” ते म्हणाले आणि तरी त्यांनी मला कागदाच्या पुड्यांत एकेक चिमूट बांधून दिली, सोडा, पापडखार, तुरटी, मीठ, नवसागर, सोरा, “हे खरं हाय, ह्याच्यासंगं मिळवून बग” म्हणून. त्यांना माझ्या परीक्षेत रस होता की स्वतःच्या मालाची परीक्षा होतेय याचा अभिमान होता, ते मला नक्की कळलं नाही.

आणि पाणी! प्रत्येकानं घरून औषधाच्या रिकाम्या बाटलीतून पाणी आणायचं, असं बाईंनी सांगितलं. अव्वा माझ्या हातातली बाटली बघून दारात आडवी उभी राहिली. “काय करलालीस गं? कुठं न्यायलालीस पानी?” मी म्हणाले, बाटल्या ओळखायला. “माणसाला प्यायला न्हाई आन तुमी पावडरीला पाजलालाव? तुझ्या त्या बाईला म्हन, टँकरवर ये म्हनावं एकदा, घागर घेऊन.” मी हे बाईंना सांगितलं नाही, पण त्यांना कसं कळलं कुणास ठाऊक. दुसऱ्या दिवशी भोंगा वाजला तेव्हा बाई खरंच छत्री मिटून, घागर घेऊन रांगेत उभ्या होत्या. धक्काबुक्कीत त्यांचा चष्मा पडला. आणि गंमत म्हणजे टँकरचं ते गढूळ पाणीच आम्हाला उपयोगी पडलं. ज्या बाटलीतली पूड फिरवल्यावर गाळ खाली बसला, ती तुरटी. ती बाटली माझी होती. मी त्या ग्लासाकडे बघत बसले होते आणि गाळ हळूहळू खाली जात होता, वरचं पाणी नितळ होत होतं, आणि मला पुस्तकातलं एकही वाक्य आठवत नव्हतं. मी ओरडले, “बाई, तुरटी!” बाई म्हणाल्या, “कशावरून?” मला वाटलं, ग्लास त्यांच्या डोक्यावर ओतावा.

दिवाळीपर्यंत सगळ्या बाटल्या ओळखून झाल्या, एक सोडून. तिच्यातली पूड विरघळेना, फसफसेना, जळेना, वास देईना, हळदीला ढिम्म. हमीदानं तिचं नाव ‘हेडसर’ ठेवलं. आम्ही खळ लावून सगळ्या बाटल्यांवर स्वच्छ अक्षरात नावं चिकटवली आणि त्या एका बाटलीवर बाईंनी मला लिहायला लावलं, ‘माहीत नाही’. मी भांडले. “बाई, काहीतरी लिहा ना! यादीतलं एकच नाव उरलंय, तेच असणार. साहेबांनी ‘माहीत नाही’ वाचलं तर केंद्र जाईल. तुमचं काय जातंय? तुम्ही नांदेडला परत जाल, मी इथं सोडा विकत बसेन!” बाईंचे डोळे भरून आले, रागानं की कशानं मला कळलं नाही. त्या म्हणाल्या, “यादीतलं नाव बाटलीत असतंच असं कोण म्हणालं तुला? लिही.” मी लिहिलं. पेन इतकं दाबलं की कागद फाटला आणि दुसरा घ्यावा लागला.

साहेब यायच्या दिवशी मी लवकर शाळेत गेले आणि ऑफिसच्या दारातच पाय थबकले. आतून पाण्याचा आवाज येत होता. हेडसर धोतर नेसून बसले होते, पुढ्यात घंगाळ, आणि ते एकेक बाटली त्यात बुडवून, चोळून, पुसून, हळदीची बोटं ओढून कपाटात ठेवत होते. घंगाळात आमची नावं तरंगत होती. निळ्या शाईचं पाणी झालं होतं. “साहेब यायलेत,” ते खुशीत म्हणाले, “म्हून म्हनलं पुन्यांदा पूजा घालावी. बग कशा चमकायल्यात!” अख्ख्या गावात तोंड धुवायला पाणी नव्हतं आणि या माणसानं आमच्या सगळ्या कष्टाला आंघोळ घातली होती. मागून बाई आल्या, त्यांनी बघितलं आणि त्या खाली पायरीवर बसून हसायला लागल्या. ते हसू चांगलं नव्हतं.

आणि मग मला भिंतीवरचा नळ दिसला. कोरा, पितळी, भिंतीत सिमेंटनं बसवलेला, खाली फरशीचा ओटा. हेडसर म्हणाले, “नियमात हाय, प्रयोगशाळेला नळ पायजे. बसवला.” मी विचारलं, “सर, पाइप?” ते म्हणाले, “पाइपाचं नियमात लिवलेलं न्हाई.”

साहेब आले, जीपमधून, तोंडाला रुमाल बांधून, धुळीनं भुवया पांढऱ्या झालेल्या. हार घातला, चहा दिला. त्यांना पुढं अजून तीन गावं करायची होती. कपाटापुढं उभे राहून त्यांनी सहज एक बाटली उचलली, “यात काय?” हेडसर क्षणाचाही विलंब न लावता म्हणाले, “पोटॅशियम नायट्रेट, साहेब.” ती बाटली पलीकडून माझ्या डोळ्यांपुढं होती. तिच्या गळ्यापाशी हेडसरांनी सकाळी ओढलेली ओली हळद लालभडक झाली होती, कुंकवासारखी. बाकीच्या बाटल्यांवर पिवळीच होती. आणि मला ते सहन झालं नाही. केंद्र गेलं तर जाऊ दे, पण त्या सोड्याला पोटॅशियम नायट्रेट, म्हणजे सोरा, म्हटलेलं मला सहन झालं नाही. माझ्याच तोंडून निघालं, “नाही साहेब, तो धुण्याचा सोडा आहे. हळद बघा, लाल झालीय. खाराला लागली की होते.” हेडसरांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी आता दाखला घेऊन घरी जावं. साहेबांनी बाटली डोळ्यांजवळ नेली, माझ्याकडे पाहिलं, “बरं” म्हणाले आणि बाटली ठेवून दिली. मग नळाकडे गेले. तोटी फिरवली. काहीच नाही. माझ्या काळजाचं पाणी झालं.

“पाणी?” साहेबांनी विचारलं.

“साहेब,” हेडसर हात जोडून म्हणाले, “पाणी तर अख्ख्या जिल्ह्यात न्हाई.”

साहेबांनी खोल श्वास सोडला. “खरंय,” म्हणाले. “माझ्या बंगल्यावरचाही असाच आहे.” आणि कागदावर काहीतरी खूण करून जीपमध्ये बसले.

केंद्र मिळालं. शेऱ्यात लिहिलं होतं: कपाट आहे, ओटा आहे, नळ आहे. आमच्या बाटल्यांबद्दल, हळदीबद्दल, त्या ‘माहीत नाही’बद्दल एक अक्षर नाही. हेडसरांनी पेढे वाटले आणि मलाही माफ केल्यासारखे दोन दिले. मी बाईंना म्हणाले, “बघा, नळावर मिळालं.” त्या म्हणाल्या, “हो गं बाई, नळावर मिळालं,” आणि पहिल्यांदाच माझ्या डोक्यावर टपली मारली. मग आम्ही सगळ्या बाटल्या परत उतरवल्या आणि पुन्हा पहिल्यापासून ओळखल्या. या वेळी फार वेळ लागला नाही. हात आपसूक चालत होते. अप्पांना सांगितलं तर ते म्हणाले, “हितंच हाय न्हवं परीक्षा? मग दे की,” जणू कधी वाद झालाच नव्हता.

परीक्षेचा दिवस उन्हाचा होता. बाहेरगावचे परीक्षक आले, पोट सुटलेले, घामाघूम. आमच्या विषयाच्या शिक्षकांनी आत थांबायचं नाही असा नियम, म्हणून बाई बाहेर कडुनिंबाखाली पारावर जाऊन बसल्या. प्रत्येकासमोर कागदाच्या तुकड्यावर एक पांढरी पूड, ती ओळखायची. परीक्षकांनी खुर्चीत टेकून हेडसरांकडे बघितलं, हेडसर त्यांच्या कानाशी वाकले, आणि मग परीक्षक आम्हाला म्हणाले, “हे बघा पोरांनो, काही करायची गरज नाही. काच आहे, फुटेल, पाणीही नाही. जे ओळखायला आलं असेल ते नुसतं लिहा, कृती पाठ असेल ती लिहा. गुण मी सगळ्यांना नीट देतो. काळजी करू नका.”

बाजूच्या मुलांनी हुश्श केलं आणि पेनं उघडली. मला सगळ्या कृती पाठ होत्या. अजून आहेत. नुसतं लिहिलं असतं तर तासाभरात घरी. खंडेनवमीला मला हेच हवं होतं, गावात परीक्षा आणि पदरात गुण. आता ते समोर वाढून ठेवलं होतं आणि माझा संताप संताप झाला. मी उभी राहिले. “सर,” मी म्हणाले, “मला करायचंय.”

“अगं, देतो ना म्हणतोय गुण.”

“गुण द्या सर. पण मला करायचंय.”

परीक्षकांनी घड्याळ बघितलं, हेडसरांनी मान हलवली नाही, पण तीच किल्ली खिशातून काढून टेबलावर ठेवली, या वेळी फुलाशिवाय. मी परीक्षानळी घेतली. पूड घातली, घरून आणलेल्या पाण्यात विरघळवली, लिंबाला हूं की चूं नाही, हळद पिवळीच. मग चुन्याची चिमूट घालून दिव्यावर धरली. माझ्यामागं हमीदा उठली. मग आणखी दोघं. मग सगळेच. परीक्षकांनी आम्हा सगळ्यांना एकच पूड दिली होती, हे तेव्हा कळलं. नळ्यांमधून एकदम तो वास उसळला, नाकात सुई घुसावी असा, कल्हईवाल्याच्या भट्टीवरचा, आमच्या दुकानातल्या मागच्या डब्यातला. परीक्षक खोकत उठले आणि त्यांनी दोन्ही खिडक्या उघडल्या. हेडसर डोळे पुसत होते. एकही नळी फुटली नाही.

मी बाहेर आले तेव्हा बाई पारावरून उठून खिडकीच्या भिंतीला लागून उभ्या होत्या, छत्री न उघडता, भर उन्हात. त्यांनी मला पेपर कसा गेला ते विचारलं नाही. नाक लाल झालं होतं त्यांचं.

“नवसागर ना?” त्या म्हणाल्या.

मी म्हणाले, “कशावरून?”